जुन्या काचेच्या बाटल्या आतून कशा धुवाव्यात? ओरखडा न पाडता स्वच्छता करण्याची सोपी पद्धत

रमजान जवळ आला की आपल्या घरांमध्ये साफसफाई निघते. माळ्यावरच्या पेट्या खाली येतात, कपाटाचा वरचा कप्पा रिकामा होतो आणि त्यातून हमखास काही जुन्या बाटल्या बाहेर पडतात. दादीच्या जहेजमधली अत्तरदाणी, लग्नात गुलाबपाणी शिंपडायची काचेची गुलाबदाणी, शरबताच्या उंच बाटल्या, सुरम्याची छोटी शिशी, कधी गोटी सोड्याची जाड हिरवट बाटली. बाहेरून फडके मारले की त्या चमकतात. आत मात्र पांढरा थर, पिवळा चिकटा, नाही तर तळाशी काळे काहीतरी बसलेले असते.

मग काय होते? कोणी आत वाळू घालून खळखळ हलवतो, कोणी तारेच्या घासणीचा तुकडा काडीने आत ढकलतो. डाग निघतो, पण काचेवर बारीक रेघांचे जाळे उमटते आणि ते पुन्हा कधीच जात नाही. नाही तर घरचे कंटाळून म्हणतात, 'देऊन टाका भंगारवाल्याला'. तीन पिढ्यांची वस्तू किलोच्या भावाने जाते. दोन्ही नुकसान टाळता येते. खर्चही फार नाही. बहुतेक सामान स्वयंपाकघरातच असते, फक्त थोडा सब्र लागतो. म्हणून हा विषय आम्ही नीट, क्रमाने सांगतो आहोत.

काचेला ओरखडा का पडतो?

काच कडक असली तरी सगळ्यात कडक नाही. कोणती वस्तू कोणत्या वस्तूवर ओरखडा पाडते हे मोजायचे एक माप आहे. फ्रेडरिश मोस या जर्मन खनिजतज्ज्ञाने ते 1812 मध्ये मांडले. त्यात 1 म्हणजे सगळ्यात मऊ आणि 10 म्हणजे हिरा. साधी काच साधारण साडेपाचवर येते. वाळूतला गारेचा कण 7 वर आहे. म्हणजे वाळू काचेवर घासली की ओरखडा पडणारच. कडक पोलादही काचेच्या बरोबरीचे किंवा थोडे वरचे असते, म्हणून तारेची घासणी, खिळे, नटबोल्ट, सायकलचे छर्रे आत घालायचे नाहीत.

याउलट तांबे 3 च्या आसपास, अंड्याचे कवचही तेवढेच, मीठ आणि खाण्याचा सोडा त्याहून मऊ. यांनी काचेला काही होत नाही. नियम एवढाच की आत जे घालाल ते काचेपेक्षा मऊ हवे.

ओरखडा फक्त दिसायला वाईट असतो असेही नाही. काच जिथे फुटते तिथे सुरुवात बहुधा अशा बारीक चिरेपासूनच होते. म्हणून ओरखडे पडलेली बाटली गरम-थंड किंवा धक्का सोसत नाही. जुन्या सोड्याच्या बाटलीत तर पुन्हा गॅस भरायचा विचारही करू नये. ती शोभेलाच ठेवावी.

आधी डाग ओळखा

सगळ्या डागांवर एकच औषध चालत नाही. बाटली खिडकीजवळ उजेडात धरा, आत मोबाईलचा टॉर्च मारा आणि पाहा.

पांढरा, खडबडीत, बहुधा पाण्याच्या पातळीची रेघ दाखवणारा थर म्हणजे क्षार. बोअरवेलचे जड पाणी वापरणाऱ्या गावांत हा जास्त दिसतो. पिवळा किंवा तपकिरी चिकटा म्हणजे तेल, अत्तर किंवा शरबताचा वाळलेला पाक. लालसर-नारिंगी डाग लोखंडाच्या गंजाचा. हिरवा बुळबुळीत थर शेवाळाचा. आणि सगळीकडे सारखा पसरलेला, हाताला न लागणारा धूर असल्यासारखा धूसरपणा हा काचेचाच आजार असू शकतो. त्याबद्दल पुढे सांगतो.

एका बाटलीत दोन प्रकारचे डाग असतील तर क्रम लक्षात ठेवा. आधी तेलकट काढा, मग क्षार. वर तेलाचा पापुद्रा असला की शिरका खालच्या क्षारापर्यंत पोचतच नाही. पुष्कळांचा 'शिरक्याने काही होत नाही' हा अनुभव यामुळेच असतो.

पहिली पायरी : भिजवणे

घासण्याआधी भिजवणे. हाताला सोसेल इतक्या कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब टाका आणि बाटली भरून रात्रभर ठेवा. उकळते पाणी ओतू नका. जुनी काच एकदम गरम झाली की आतली बाजू फुगते, बाहेरची थंडच राहते आणि बाटली तडकते. फ्रिजमधून काढलेल्या किंवा थंडीत फरशीवर ठेवलेल्या बाटलीला तर आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या.

सिंकमध्ये तळाशी एक जुना टॉवेल अंथरा. ओली बाटली हातातून निसटते. बहुतेक जुन्या बाटल्या डागामुळे नाही, धुताना फुटतात.

बाटलीवर सोनेरी नक्षी, मीना किंवा रंगकाम असेल तर ती पाण्यात बुडवायची नाही. फक्त आत पाणी भरायचे, बाहेर ओल्या मऊ कपड्याने हलकेच टिपायचे. शिरका, लिंबू, सोडा यांपैकी काही नक्षीवर सांडू देऊ नका. जुने सोनेरी काम बऱ्याचदा काचेच्या वरवर बसवलेले असते आणि घासले की निघून येते.

अत्तराची कुपी

आपल्या घरांत सगळ्यात जास्त प्रश्न येतो तो हिचाच. कनौजच्या पारंपरिक अत्तराचा आधार चंदनाचे तेल. अशी तेले वर्षानुवर्षे हवेशी संपर्कात राहिली की घट्ट होतात आणि राळेसारखी काचेला चिकटतात. नुसत्या पाण्याने ती हलत नाहीत. तेलाला तेलच विरघळवते, हे सूत्र इथे कामी येते.

कुपीत उरलेले अत्तर असेल तर आधी ड्रॉपरने दुसऱ्या शिशीत काढून घ्या. मग तिळाचे किंवा बदामाचे स्वच्छ तेल थोडेसे आत सोडा आणि कुपी आडवी करून फिरवा, म्हणजे तेल सगळीकडे लागेल. एक रात्र तशीच उभी ठेवा. सकाळी तेल ओतून टाका. चिकटा मऊ होऊन त्याच्याबरोबर येतो. नंतर कोमट पाणी आणि लिक्विडचा एक थेंब घालून दोन-तीन वेळा खळबळा.

अरुंद तोंडाच्या कुपीत पाणी जात नाही कारण आतली हवा बाहेर पडत नाही. त्यासाठी मेडिकलमधून सुईशिवाय सिरिंज आणा आणि तिच्या टोकाला बारीक मऊ प्लास्टिकची नळी लावा. नळी तळापर्यंत नेऊन पाणी सोडले की हवा वरून निघते आणि कुपी भरते. धातूची सुई वापरू नका, ती काचेला घासते.

मानेतला चिकटा काढायला अत्तराचा फाया करतो तसाच फाया करायचा. बांबूची बारीक काडी किंवा खराट्याचा हीर घ्या, टोकाला कापूस घट्ट गुंडाळा. काडीचे टोक कापसाबाहेर यायला नको आणि कापूस आत सुटून राहायलाही नको. म्हणून वर दोऱ्याचा एक वेढा द्या.

एवढ्याने गेले नाही तर अर्धा लिटर कोमट पाण्यात एक चमचा धुण्याचा सोडा विरघळवून तासभर ठेवा. हातमोजे घाला. हा सोडा त्वचेला झोंबतो आणि रात्रभर ठेवला तर जुन्या काचेलाही बरा नाही.

स्पिरिटने राळ लवकर विरघळते हे खरे. काही घरांत ते वापरावे की नाही हा सवाल येतो. त्याचा निवाडा आम्ही करत नाही, तो आपल्या भरवशाच्या आलिमांना विचारावा. आमचे म्हणणे एवढेच की तेल, साबण आणि सोडा यांनी बहुतेक कुप्या स्पिरिटशिवाय स्वच्छ होतात. वापरायचेच असेल तर खिडकी उघडी ठेवा आणि गॅसपासून दूर बसा.

पांढरा थर आणि गंज

क्षारांचा थर आम्लात विरघळतो. बाजारातला पांढरा शिरका म्हणजे व्हिनेगर डाग बुडेल इतका भरा आणि काही तास ते एक रात्र ठेवा. शिरका नसेल तर लिंबूसत्व आणा. पाव लिटर कोमट पाण्यात एक मोठा चमचा पुरतो. बारीक बुडबुडे दिसले तर समजा काम चालू आहे. थर जाड असेल तर पाणी बदलून दोन-तीनदा करा. गंजाच्या लाल डागावरही लिंबूसत्वच जास्त चांगले.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. शिरका आणि खाण्याचा सोडा एकत्र टाकला की भरपूर फेस येतो आणि वाटते की वा, जोरदार सफाई होते आहे. खरे तर दोघे एकमेकांना निकामी करतात, उरते ते जवळपास खारट पाणी. फेसाने सुटा कचरा थोडा हलतो, इतकेच. आणि असे मिश्रण भरून बूच लावले तर गॅसच्या दाबाने बाटली फुटू शकते. म्हणून दोन्ही वापरायचेच तर वेगवेगळे, मध्ये स्वच्छ धुऊन.

मेडिकलमध्ये दातांची कवळी साफ करायच्या गोळ्या मिळतात. कोमट पाण्यात एक गोळी टाकून रात्रभर ठेवली तर हलका चिकटा आणि पिवळेपणा घासल्याशिवाय निघतो. अगदी नाजूक बाटलीसाठी हा चांगला उपाय.

तांदळाची जुनी युक्ती

शरबताच्या किंवा तेलाच्या मजबूत बाटलीला आपल्या नानी-दादी तांदूळ घालून धुवायच्या. ती पद्धत आजही उत्तम आहे, कारण तांदळाचा दाणा काचेपेक्षा खूप मऊ असतो. पण तांदूळ नीट निवडून घ्या. त्यातला एक खडा म्हणजे शेवटी गारच, आणि सगळे ओरखडे तोच पाडतो.

दोन मोठे चमचे कच्चा तांदूळ, बाटलीचा चौथा भाग कोमट पाणी आणि लिक्विडचे दोन थेंब. तोंड तळहाताने बंद करा आणि बाटली गोल गोल फिरवा. आपटल्यासारखी वरखाली हलवू नका. एक-दोन मिनिटे फिरवून ओता, पाहा, गरज असेल तर पुन्हा करा. वापरलेला तांदूळ खायचा नाही. पाण्यात काय उतरले ते आपल्याला माहीत नसते.

तांदळाऐवजी अंड्याची कवचे चालतात. ती धुऊन, उकळून, वाळवून चुरायची. मात्र शिरक्याबरोबर नाही, कारण शिरका कवचच विरघळवतो. जाडे मीठही चालते, पण मिठागरातून आलेल्या जाड्या मिठात कधी कधी वाळूचे कण असतात. हातावर घेऊन पाहा, पाण्यात थोडे विरघळवा, तळाशी रेती राहिली तर ते मीठ नको.

जुन्या बाटल्यांचे मोठे संग्राहक तांब्याच्या तारेचे बारीक तुकडे घालून यंत्रावर बाटली फिरवतात. त्यामागेही हाच हिशेब आहे, तांबे काचेपेक्षा मऊ. एके काळी युरोपात शिशाचे छर्रे वापरायचे. शिसे मऊ असल्याने काच वाचायची, पण एखादा छर्रा तळाशी अडकून राहिला की पेयात विष उतरायचे. म्हणजे काच वाचली हे पुरेसे नाही, माणूस वाचला पाहिजे.

पातळ काचेच्या अत्तरदाणीत आणि फुंकून केलेल्या नाजूक बाटलीत मात्र तांदूळ नको, मीठ नको, काहीच नको. तिथे फक्त भिजवणे आणि फाया.

शेवाळ

हिरव्या थराला आधी साबणाचे पाणी आणि बाटलीचा मऊ ब्रश. ब्रशची मधली तार टोकाला उघडी नाही ना हे पाहा. उघडी असेल तर कापसाची गाठ बांधा. तरीही डाग राहिला तर मेडिकलमधले 3 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड भरून अर्धा तास ठेवा.

कपड्यांचे ब्लीच वापरायचे असेल तर अर्धा लिटर थंड पाण्यात एक छोटा चमचा, 15-20 मिनिटे, बस. आणि ही गोष्ट घरातल्या सगळ्यांना सांगा : ब्लीच आणि शिरका, लिंबू किंवा टॉयलेट क्लीनर कधीही एकत्र येता कामा नये. त्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो. बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो. आधी शिरका वापरला असेल तर तीन-चार पाण्यांनी बाटली धुऊन, दुसऱ्या दिवशीच ब्लीच वापरा.

सगळे करूनही धूसर राहिली तर?

कधी बाटली ओली असताना आरपार दिसते आणि वाळली की पुन्हा धुरकट. साबण झाला, शिरका झाला, तरी तेच. अशा वेळी समजायचे की आत मळ नाही, काचच खराब झाली आहे. ओल आत कोंडून राहिली की काचेतले क्षार हळूहळू पाण्यात उतरतात आणि पृष्ठभाग बारीक खडबडीत होतो. हा आजार कोणत्याही घरगुती उपायाने बरा होत नाही. कितीही घासाल तितके ओरखडेच वाढतील. आहे तशी ठेवा.

चोर बाजारात किंवा जुन्या वस्तूंच्या दुकानात बाटली घेताना हे ध्यानात ठेवा. आत तेलाचा हात फिरवला की असा धूसरपणा काही काळ लपतो. आतून कोरडी आहे का, बोट तेलकट होते का, हे पाहूनच पैसे द्या.

अडकलेले बूच

काचेचे बूच अडकले असेल तर पक्कड लावू नका. फटीत तेलाचे दोन थेंब सोडा, काही तास थांबा. मग कोमट पाण्यात पिळलेले फडके फक्त मानेभोवती मिनिटभर गुंडाळा. मान किंचित प्रसरण पावते. बूच हळूच फिरवून पाहा. नाही निघाले तर पुन्हा तेल. दोन-तीन दिवस लागले तरी हरकत नाही. आणि अनेक बाटल्या एकदम धूत असाल तर ज्याचे बूच त्याच्याजवळच ठेवा. जुनी बुचे ज्या त्या मानेला घासून बसवलेली असतात, अदलाबदल झाली तर नीट बसत नाहीत.

वाळवणे

इथेच बहुतेक मेहनत वाया जाते. नळाचे पाणी आत वाळले की पुन्हा पांढरे ठिपके. शेवटचे खळबळणे डिस्टिल्ड वॉटरने करा. नंतर बाटली उलटी पण थोडी तिरकी ठेवा, म्हणजे तोंड बंद होत नाही आणि हवा जाते. तळाशी थेंब राहिला तर सुती कपड्याची लांब वात करून आत सोडा, ती ओल शोषते. कडक उन्हात किंवा गॅसजवळ ठेवू नका. पूर्ण कोरडी होईपर्यंत, एक-दोन दिवस तरी, बूच लावायचे नाही.

कोणत्या बाटलीत खायचे-प्यायचे भरू नये

स्वच्छ दिसणारी प्रत्येक बाटली वापरायला योग्य असतेच असे नाही. रॉकेल, फिनाईल, औषध किंवा शेतीचे फवारे ठेवलेली बाटली कितीही धुतली तरी तिच्यात शरबत, पाणी किंवा मध भरू नका. आधी काय होते हे माहीत नसेल तरी नाहीच. जड, पैलू पाडलेल्या क्रिस्टलच्या बाटलीत शिसे असू शकते. तिच्यात लिंबाचे शरबत किंवा शिरका साठवून ठेवला तर शिसे त्यात उतरते.

सुरम्याच्या जुन्या शिशीबाबत विशेष काळजी घ्या. अनेक सुरम्यांमध्ये शिशाचे संयुग असते आणि लहान मुलांच्या मेंदूला शिसे फार घातक. आतली काळी भुकटी फुंकून उडवू नका, कोरडी खरवडू नका. हातमोजे घालून ओल्या कापसाने टिपा, तो कापूस पिशवीत बांधून टाका, नंतर हात साबणाने धुवा. हे काम मुलांना देऊ नका. धुतलेली शिशी शोकेसमध्ये ठेवा, वापरात नको.

बाकी साफसफाई मात्र मुलांना बरोबर घेऊन करा. ही गुलाबदाणी कोणाच्या निकाहात फिरली, ही बाटली कोणत्या गावाहून आली, हे अशा वेळीच बोलले जाते. पाणी मात्र बेताने. नळ चालू ठेवून धुण्यापेक्षा एका टबात पाणी घेतले तर सगळ्या बाटल्या त्यात होतात.

आणि एखादा डाग नाहीच निघाला तर राहू द्या. थोडा डाग असलेली दादीची बाटली ओरखडे पडलेल्या चकचकीत बाटलीपेक्षा केव्हाही चांगली.